जुन्या नाण्यावरचं कोरीवकाम पाहायचं कसं? नागपुरातल्या नवशिक्यांसाठी

नागपुरातल्या जुन्या घरांमध्ये, महाल असो की इतवारी, दोन-चार जुनी नाणी हमखास निघतात. देवघरातल्या डबीत एखादी शिवराई, लक्ष्मीपूजनाच्या ताटात व्हिक्टोरिया राणीचा रुपया, कपाटाच्या तळाशी भोकाचा पैसा, आजीच्या माळेतली सुटलेली पुतळी. ती कुणी बाहेर काढली की घरात पहिला प्रश्न उठतो, याचे किती येतील? प्रश्न साहजिक आहे, पण त्याच्या नादात नाणं बघायचं राहूनच जातं. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत कुणीतरी हत्ती कोरला, त्याच्याभोवती राजाचं नाव बसवलं, आणि तेही उलटं. ते काम नीट बघता यायला लागलं की काळ, राजा, टांकसाळ या गोष्टी मागोमाग कळत जातात. किंमत त्यानंतरची गोष्ट.

आधी एकच नाणं निवडा

सुरुवातीलाच वीस नाणी मांडून बसू नका. घरात शिवराई असेल तर तीच घ्या. नसेल तर एकोणिसाव्या शतकातला चांदीचा रुपया घ्या. विकतच घ्यायचं झालं तर तांब्याची झिजलेली शिवराई खिशाला सहज परवडते, आणि शिकायला तिच्याइतकं चांगलं नाणं दुसरं नाही.

सामान फार लागत नाही. इतवारीच्या सराफा बाजारात सोनार डोळ्याला लावतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळतं. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, एक मऊ सुती कापड, वही आणि पेन्सिल. एवढं झालं की बसा.

प्रकाश डावीकडून, वरून, तिरपा

नाणं कडेला धरून उचला. बोटाचा घाम चांदी-तांब्यावर खरंच डाग पाडतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या चित्रांना हात लावू नका. खाली कापडाची घडी असू द्या, हातातून सुटलं तरी फरशीवर आपटणार नाही.

डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये नाणं सपाट दिसतं. खोलीतले दिवे बंद करा आणि खिडकीचा किंवा टेबल-दिव्याचा प्रकाश डावीकडून, वरच्या बाजूनं, अगदी तिरपा येऊ द्या. नाणं सावकाश फिरवा. झिजून गेलेली वाटणारी रेघ एखाद्या कोनात अचानक उभी राहते. एक खबरदारी घ्या: प्रकाश खालून आला तर डोळा फसतो, उठावाचं चित्र खोलगट दिसायला लागतं आणि खोलगट जागा उठून दिसते. मोबाइलवर फोटो काढतानाही हाच नियम. फ्लॅश नको, पांढरा कागद खाली, एकाच बाजूनं प्रकाश.

आता चित्र काढा

या पायरीवर बहुतेक जण म्हणतात, "मला कुठं चित्र येतं?" येत नसलं तरी काढा. वहीच्या पानावर वाटीएवढं वर्तुळ काढा आणि नाण्यावर जे दिसतं तेवढंच त्यात भरा. कल्पनेनं काही पूर्ण करू नका. जिथं दिसत नाही तिथं जागा कोरी सोडा.

चित्र काढताना नजर सक्तीनं एकेका रेघेवर थांबते. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत "श्री / राजा / शिव", दुसऱ्या बाजूला दोन ओळींत "छत्र / पति", आणि भोवती ठिपक्यांची गोल किनार, हे शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. तुमच्या हातातल्या नाण्यावर मात्र "शिव" ऐवजी "सिव" असू शकतं, "पति" दीर्घ असू शकतं, "छत्र"मधला छ वेगळ्याच वळणाचा असू शकतो. किनारीचे ठिपके एका बाजूला पूर्ण आणि दुसऱ्या बाजूला गायब असतात. मागच्या बाजूच्या दोन ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा दिसल्या तर ती दुदांडी शिवराई, म्हणजे नंतरच्या काळातली. महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा. शिवराई त्यांच्या पश्चात पेशवाईतही पाडली जात राहिली आणि इंग्रजी अमलातही बराच काळ बाजारात फिरली. इतक्या ठिकाणी, इतक्या हातांनी ठसे कोरले की दोन शिवरायांची अक्षरं क्वचितच तंतोतंत जुळतात. अक्षराचं वळण ही त्या त्या कारागिराची सही समजा. वहीत चार शिवराया झाल्या की हा फरक तुम्हाला भिंगाशिवायही ओळखता येईल.

ठसा कसा बनत होता ते समजून घ्या

चित्र काढून झालं की नाणं कसं घडलं असेल ते त्याच्याच अंगावर शोधा. रबरी शिक्क्यावर जशी अक्षरं उलटी असतात, तशीच ती ठशावर उलटी कोरावी लागतात. शिवाय नाण्यावर जो भाग उंच हवा, तो ठशावर खोल. म्हणजे हत्तीचं पोट नाण्यावर फुगीर दिसावं म्हणून कारागीर पोलादात खड्डा करत होता. असे दोन ठसे: एक ऐरणीत घट्ट बसवलेला, दुसरा हातात. मधे धातूची चकती ठेवायची आणि वरून घणाचा घाव.

यातून तीन गोष्टी लगेच दिसतात. घाव मधोमध बसला नाही तर चित्र एका कडेला सरकतं. घाव पडताना ठसा हलला आणि पुन्हा मारावा लागला तर एकच रेघ दुहेरी उमटते. आणि ठसा चकतीपेक्षा मोठा असला तर मजकुराचा तुकडाच नाण्यावर येतो. मोगल आणि मराठा रुपयांवर हे फार दिसतं. म्हणून एका रुपयावर टांकसाळीचं नाव अर्धवट आलं तर निराश होऊ नका, त्याच ठशाच्या दुसऱ्या नाण्यावर उरलेला भाग सापडतो. अभ्यासक अशा चार-पाच नाण्यांवरून पूर्ण ठसा कागदावर जुळवतात. हे काम घरबसल्या तुम्हालाही करता येईल.

सगळीच नाणी अशी पाडलेली नाहीत. त्याहून जुनी आहत नाणी म्हणजे चांदीच्या पत्र्याचे कापलेले तुकडे. त्यांवर छोट्या छोट्या छापांनी एकेक चिन्ह वेगळं ठोकलेलं असतं, म्हणून चिन्हं एकमेकांवर चढलेली दिसतात. देवगिरीच्या यादवांच्या सोन्याच्या पद्मटंकावरही असंच: मधोमध कमळ, भोवती शंख, "श्री" आणि राजाचं नाव, प्रत्येकाचा ठोका वेगळा. ठोक्यांनी पत्रा वाटीसारखा किंचित खोलगट होतो. १८३५ नंतरच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या रुपयांवर मात्र यंत्राची सफाई आहे, कडा गोल आणि दातेरी, वजन जवळजवळ नेमकं ११.६६ ग्रॅम. तुमच्या काट्याचा पहिला उपयोग इथं करा. त्या काळचा रुपया बराच हलका भरला तर संशय घ्या.

चिन्हं वाचायची, पण सबुरीनं

इथं थोडं थांबू या, कारण विदर्भाची खरी श्रीमंती या पायरीवर आहे.

आपल्या भागाचं स्वतःचं म्हणावं असं नाणं कोणतं, तर सातवाहनांचं पोटिनचं नाणं. पोटिन म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांचा मिश्र धातू. आताच्या वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी १९३९ मध्ये या नाण्यांचा मोठा साठा सापडला, सुमारे १६०० नाण्यांचा. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला. पुराणांतल्या राजांच्या यादीत नसलेली कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी ही नावं याच नाण्यांनी उजेडात आणली. त्या राजांचे शिलालेख हाती नाहीत, ते या हत्तीच्या नाण्यांतून उरले.

एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती. भिंगातून बघा: पाय म्हणजे नुसते चार जाड खांब, शेपटी एक रेघ, पाठीचा बाक मात्र एकाच झोकात आलेला. तपशील इतका थोडा आणि तरी हत्तीचं वजन जाणवतं. माझ्या मते हे कोरीवकाम गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांइतकंच कसदार आहे. तिथं समुद्रगुप्त वीणा वाजवत बसलेला दिसतो, बोटांची ठेवण, आसनाची पाठ, सगळं नजाकतीचं. पण ते सोन्यावर, राजाच्या दिमाखासाठी केलेलं काम. पोटिनचं नाणं बाजारातल्या माणसाच्या कमरेच्या थैलीत होतं. त्याच्यासाठीही कुणी इतक्या मनापासून ठसा कोरला, याचं मला फार मोल वाटतं.

हत्तीभोवती ब्राह्मीत "रञो सिरि सातकणिस" असा लेख, म्हणजे राजा श्री सातकर्णीचं. उलटवलं की उज्जयिनी चिन्ह: अधिकचं चिन्ह आणि त्याच्या चार टोकांना चार वर्तुळं. त्याचा अर्थ काय, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणून वहीत आधी फक्त "चार वर्तुळं जोडणारी फुली" असं लिहा, अर्थ नंतर. आहत नाण्यांवरच्या तीन कमानींच्या चिन्हाला काहींनी चैत्य म्हटलं, काहींनी पर्वत. वर चंद्रकोर असलेलं ते रूप मौर्यकाळाशी जोडलं जातं. कठड्यातलं झाड, सूर्य, सहा फाट्यांचं चिन्ह, नंदी, हत्ती ही त्याच घराण्यातली. दिसलं काय आणि त्याचा अर्थ कुणी काय लावला, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. पुढं फार गोंधळ वाचतो.

चिन्हाची ताकद काय असते ते नाशिकजवळच्या जोगळटेंभीच्या साठ्यात दिसतं. १९०६ मध्ये तिथं क्षहरात घराण्यातला शक राजा नहपान याची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला आहे, एका बाजूला तीन कमानींचा पर्वत, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. नहपानाचा चेहरा पर्वताच्या खाली गेला, पण पूर्ण पुसला गेला नाही; कुठं नाकाचा शेंडा दिसतो, कुठं मूळ लेखातली दोन अक्षरं. चांदी न वितळवता राज्य बदलल्याची बातमी हातोहात पोचली.

चिन्ह दरवेळी राजाचं नसतं. पेशवाईतल्या एका रुपयाला लोक अंकुशी रुपया म्हणत, त्यावर हत्तीचा अंकुश असे. असं खुणेचं चिन्ह बहुधा टांकसाळ ओळखायला मदत करतं.

चिन्ह चुकलं तर काय होतं, तेही बघा. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरून जाणाऱ्या साखळीत एक चिमुकला हत्ती आहे. कोरणाऱ्यानं सोंड आखूड ठेवली आणि लोकांना तो डुक्कर वाटला. नाराजी एवढी वाढली की नाणी मागं घ्यावी लागली आणि पुढच्या वर्षीपासून सोंड आणि कान नीट दिसतील असा हत्ती आला. घरात १९१२ नंतरचा जॉर्जचा रुपया असेल तर भिंग राजाच्या छातीवर न्या, तो सुधारलेला हत्ती सापडेल.

आणि पुतळी. पुतळ्यांच्या माळेचं मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या डुकॅट नाण्यात आहे. व्यापारातून ती इथं आली, सोनं चोख म्हणून मानली गेली, मग इकडच्या कारागिरांनी तिच्या नकला केल्या. मूळ नाण्यावर एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख आणि मधे ध्वजाची काठी, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात ख्रिस्त. नकलेत रोमन अक्षरांच्या नुसत्या उभ्या-आडव्या रेघा होतात. आजीची पुतळी हातात घेऊन अक्षरं वाचता येतात का बघा. रेघाच उरल्या असतील तर ठसा इकडचाच.

लेख: सगळा वाचता आलाच पाहिजे असं नाही

ब्राह्मी शिकायला अवघड नाही. "र", "स", "क", "ण", "त" अशी पाच-सहा अक्षरं आली की सातवाहनांच्या नाण्यावर अडखळत का होईना वाचता येतं.

फारसी बघून लोक घाबरतात. नागपूरकरांना ती टाळून चालणार नाही, कारण नागपूरकर भोसल्यांनी मोगल बादशहाच्या नावानंच रुपये पाडले. त्यांच्या ताब्यातल्या, ओडिशातल्या कटकच्या टांकसाळीत अहमदशहा बहादुराच्या नावाचे रुपये निघत. मजकूर ठरलेला असतो: एका बाजूला "सिक्का मुबारक बादशाह गाजी" आणि बादशहाचं नाव, दुसऱ्या बाजूला "सनह जुलूस मैमनत मानूस", म्हणजे राज्यारोहणाचं अमुकवं मंगल वर्ष. सोबत "जर्ब", म्हणजे पाडलं, हा शब्द आणि त्याला लागून टांकसाळीचं नाव. हे तुकडे एकदा कागदावर गिरवले की नाण्यावर ते चित्रासारखे ओळखू येतात, भाषा येवो न येवो.

आकड्यांपासून सुरुवात करा. फारसीत एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे ठिपका, पाच म्हणजे उलटा बदाम, सात वर उघडा कोन, आठ खाली उघडा कोन. हिजरी साल मिळालं तर त्याला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा. ११७० असेल तर १७५६-५७ च्या आसपासचं. लहान आकडा दिसला, समजा ५ किंवा १२, तर ते राज्यवर्ष. आपल्याकडच्या नाण्यांवर एक मेख आहे: बादशहा मरून गेल्यावरही त्याच्याच नावाचा ठसा वर्षानुवर्षं चालू राहत असे, म्हणून नावावरून एकदम काळ ठरवू नका.

इंग्रजी अमलातल्या नाण्यांवर कारागीर नावानिशी भेटतो. १८४० च्या रुपयावर व्हिक्टोरियाची मान जिथं कापल्यासारखी संपते, तिथं बारीक "डब्ल्यू डब्ल्यू" सापडतो का बघा. ती विल्यम वायन या कोरीवकाराची आद्याक्षरं.

मग अजब बंगल्यात जा

एवढा सराव झाल्यावरच सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात जा. १८६३ पासूनची ही संस्था आहे. आधी गेलात तर काचेमागच्या गोल तुकड्यांपुढून पाच मिनिटांत पुढं सराल. वहीत दहा नाणी काढून गेलात तर तिथून पाय निघणार नाही. त्या दिवशी जे मांडलेलं असेल त्यातलं एकच घराणं निवडा आणि तिथंही चित्र काढा. फोटोची परवानगी दारातच विचारून घ्या. पुढचं वाचन करायचं असेल तर नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभाग आहे, आणि त्याहून खोलात जायचं तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची स्वतंत्र संशोधन संस्था आहे.

घासू नका

हे सगळ्यात तळमळीनं सांगतो. दिवाळीच्या आधी देवघरातली नाणी चिंचेनं, लिंबानं, भांड्याच्या पावडरीनं घासली जातात. लखलखतात खरी, पण दरवर्षी त्या चकाकीबरोबर अक्षराची एक-एक धार जाते. तांब्यावरचा काळसर-तपकिरी थर नाण्याचं रक्षण करतो, तो राहू द्या. पूजेला हवंच असेल तर एक नाणं वेगळं ठेवा आणि बाकीची हळदी-कुंकवापासून दूर. मातीच चिकटली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून मऊ कापडानं टिपा, पूर्ण वाळवा. फिकट हिरवी भुकटी सुटणारे ठिपके दिसले तर ते नाणं ताबडतोब बाकीच्यांपासून बाजूला काढा, ती तांब्याची कीड आहे आणि ती पसरते, जाणकाराला दाखवा.

ठेवायला साधी कागदी पाकिटं उत्तम. स्वस्त प्लास्टिकच्या अल्बममध्ये काही वर्षांनी चिकट हिरवट थर चढतो. रबर बँड लावू नका, चांदी काळी पडते. नागपूरचा उन्हाळा नाण्यांना फारसा बाधत नाही, पावसाळा बाधतो. जूनमध्ये डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. प्रत्येक पाकिटावर वजन, व्यास, धातू आणि मुख्य म्हणजे नाणं कुठून आलं ते लिहा. "आजीच्या माहेरचं, पवनी" एवढी एक ओळ असली तरी अभ्यासकाला त्या नाण्याबद्दल खूप काही कळतं.

विकत घेताना

एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि दुसऱ्या बाजूला रामदरबार किंवा हनुमान, साल १८१८ किंवा चक्क १६१६, असं नाणं कुणी दाखवलं तर हात जोडा आणि पुढं व्हा. कंपनीनं असली नाणी कधीच पाडली नाहीत. तांदूळ ओढून घेणारं चमत्कारी नाणं म्हणून याच्याच नावावर लोकांना लाखोंचा गंडा घातला जातो. तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी फी भरा, असा फोन आला तर तोही ठकच. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कुणाकडूनही असलं शुल्क घेत नाही.

खोट्या नाण्याचा ठसाही भिंगाखाली बोलतो. ओतून केलेल्या नकलेवर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात, आणि कडेला जोडाची बारीक रेघ सापडू शकते. एकाच विक्रेत्याकडे तीन शिवरायांवर एकाच जागी एकसारखा ओरखडा असेल तर तिन्ही एकाच साच्यातून निघालेल्या.

कायदा

शेतात नांगरताना किंवा घराचा पाया खणताना नाणी निघाली तर ती वाटून घ्यायची नसतात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार, दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. मडक्यासकट, जसंच्या तसं कळवा. नाणी कोणत्या क्रमानं रचली होती हेही महत्त्वाचं असतं. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या मुलाकडे जाताना आठवण म्हणून आजीचा रुपया बॅगेत टाकायचा विचार असेल तर आधी त्याचं साल बघा.

पहिलं नाणं वहीत उतरवून झालं की दुसरं त्याच जातीचं घ्या. शिवराईनंतर शिवराई, पंचम जॉर्जनंतर पंचम जॉर्ज. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा आणि कुठं कुठं फरक आहे त्याची यादी करा.